वंगणाची वाट : नाना पेठ ते बनेश्वर

पुण्याचा लक्ष्मी रस्ता साड्या, सराफ आणि चष्म्यांची दुकाने मागे टाकून पूर्वेकडे सरकू लागला की डुल्या मारुतीचे देऊळ लागते. १७६१ साली पानिपतावर मराठी फौजांचा घात झाला तेव्हा हा मारुती दुःखाने डुलला, अशी आख्यायिका आहे. पुण्यातल्या इतर मारुतींची नावे पाहता हे नाव त्यातल्या त्यात भारदस्तच म्हणायचे. शनिवारी इथे तेल वाहणाऱ्यांची रीघ असते. तिथून नाकासमोर काही मिनिटे चालत गेले की देवाच्या तेलाचा वास मागे पडतो आणि दुसऱ्याच एका तेलाचा, काळ्या, जड, लोखंडात मुरलेल्या तेलाचा वास येऊ लागतो. नाना पेठ आली हे मग पाटी वाचून कळावे लागत नाही.

मोटारी आणि दुचाक्यांच्या सुट्या भागांची ही पेठ. गॅस्केटच्या माळा दारावर तोरणासारख्या टांगलेल्या, पंख्याचे पट्टे खुंटीवर जानव्यासारखे लोंबणारे, आणि आत जेमतेम एक माणूस मावेल अशा जागेत जमिनीपासून छतापर्यंत खोकीच खोकी. दुकानदाराला कोणत्या खोक्यात काय आहे हे तोंडपाठ असते. अर्धे मराठी, अर्धे हिंदी आणि उरलेले हातवारे अशा भाषेत इथला व्यवहार चालतो. गिऱ्हाइकाने नमुना म्हणून आणलेला तुटका भाग काउंटरवर ठेवायचा, दुकानदाराने तो बोटांत फिरवून पाहायचा आणि माळ्यावरच्या पोऱ्याला एक आकडा ओरडून सांगायचा. त्या पोऱ्याची बुद्धी पाहून मला नेहमी वाटते की आमच्या वेळच्या मॅट्रिकला हा सहज वरच्या वर्गात पास झाला असता.

मी गेलो होतो तेल घ्यायला. आता तेल काय, कोणत्याही पेट्रोल पंपावर मिळते. पण गाडी १९६४ सालची होती, आणि नुसत्या तेलावर त्या गाडीचे नशीब ठरायचे होते.

गाडी माझ्या काकूंची. फियाट ११०० डिलाईट. काका गेले त्याला बरीच वर्षे झाली. काकू आता ब्याऐंशीच्या आहेत. एरंडवण्यातला त्यांचा बंगला पाडून तिथे सात मजली इमारत व्हायची आहे. करारावर सह्या झाल्या, आणि मग प्रश्न निघाला की फियाटचे काय करायचे? नव्या इमारतीत गाड्या एकावर एक चढवून ठेवण्याची लोखंडी मांडणी असणार. न्यू जर्सीतल्या चिरंजीवांचा फोन आला, "आई, विकून टाक. तुला कुठे जायचं असलं तर मोबाईलवर टॅक्सी मागवता येते." काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि आपला निकाल दिला : गाडी कात्रजचा जुना घाट चढून बनेश्वरला जाऊन परत आली, तर ती राहील. नाही आली, तर भंगारवाल्याला फोन त्या स्वतः करतील. बनेश्वरच का, हे मी विचारले नाही. नवी गाडी घेऊन काका त्यांना पहिल्यांदा तिथेच घेऊन गेले होते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

तरुण वाचकांना फियाटचे एवढे काय, असे वाटेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तिथे छोट्या गाड्या तयार होऊ लागल्या. ११०० डिलाईट १९६४ मध्ये आली. तिचीच १९७४ साली प्रीमियर पद्मिनी झाली. मध्यमवर्गाला परवडेल, चार माणसे आणि एक हौसेने वाढलेले पाचवे माणूस मावेल आणि घाट चढेल अशी ही गाडी. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. धाकट्याच्या मुंजीत नोंदवलेली गाडी त्याच्या लग्नाला आली, असे विनोद तेव्हा प्रत्येक घरात होत. १९८३ साली मारुती ८०० आली आणि फियाटची सद्दी संपू लागली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांनी जे अग्रलेख लिहिले, तसे मोठमोठ्या माणसांच्याही वाट्याला येत नाहीत.

तर काकूंच्या फियाटला गेल्या वर्षापासून एक खोड लागली होती. इंजिन तापले आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की डॅशबोर्डावरचा तांबडा दिवा मिणमिणायचा. हा दिवा तेलाच्या दाबाचा. इंजिनात भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्या बेअरिंगांत फिरतो तिथे धातू धातूला टेकलेला नसतो. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर तो दंड तरंगतो. पंप तेल ढकलतो म्हणून हा पापुद्रा टिकतो. दाब गेला की पापुद्रा गेला, आणि मग काही मिनिटांत जे होते त्याचा खर्च ऐकून माणसाचा स्वतःचा दाब वाढतो.

दिवा मिणमिणतो हे कळताच सल्ले सुरू झाले. पुण्यात सर्दीवर औषध सांगायला जेवढी माणसे मिळतात, तेवढीच मोटारीच्या तेलावर मिळतात. शेजारचे निवृत्त कर्नल म्हणाले, "सरळ चाळीस नंबर घाला. आमच्या वेळी तेच होते." पेट्रोल पंपावरच्या मुलाने सर्वांत महाग डबा पुढे केला. आणि काकूंचा नातू, चाकणच्या एका मोटार कारखान्यात इंजिनिअर असलेला, संपूर्ण कृत्रिम तेलाचा शून्य डब्ल्यू वीस जातीचा डबा घेऊन आला. "आजी, हे जगातलं सगळ्यात चांगलं तेल आहे." त्या डब्याची किंमत ऐकून आजींनी तो देवघराजवळ ठेवला.

आता या आकड्यांची गंमत अशी. तेलाच्या जाडी-पातळपणाला क्रमांक देण्याची पद्धत अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने, एसएई हिने, शतकापूर्वी घालून दिली. पूर्वी एकच आकडा असे : तीस, चाळीस, पन्नास. आकडा जितका मोठा तितके तेल जाड. पुढे १९५० च्या सुमारास दोन आकड्यांची तेले आली. त्यांत लांब साखळीचे काही पदार्थ मिसळलेले असतात. तेल तापले तरी त्यांच्यामुळे ते फारसे पातळ होत नाही. वीस डब्ल्यू पन्नास म्हणजे थंडीत वीसच्या नियमाला उतरणारे आणि शंभर अंशाला पन्नाससारखे वागणारे तेल. डब्ल्यू हे अक्षर इंग्रजीतल्या हिवाळ्याचे. पण तो हिवाळा त्यांच्याकडचा! वीस डब्ल्यू तेलाने इंजिन फिरू शकते की नाही याची परीक्षा उणे पंधरा अंशांवर घेतात. पुण्यात पारा आठावर आला की आपण कानटोपी शोधतो आणि वर्तमानपत्रात बातमी येते. तेव्हा पुण्याच्या माणसाने डब्ल्यूच्या डावीकडे पाहून फार काळजी करू नये. उजवीकडचा आकडा मात्र नीट वाचावा.

कारण नव्या आणि जुन्या इंजिनांत फरक आहे तो इथेच. हल्लीच्या गाड्यांच्या बेअरिंगांतल्या फटी इतक्या बारीक आणि इतक्या काटेकोर असतात की वीसचे पातळ तेल तिथे पुरते, उलट इंजिनाला ते ढवळायला कष्ट कमी पडतात आणि पेट्रोल वाचते. साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनाच्या फटी मुळातच सैल, त्यात लाखभर किलोमीटरची झीज. तिथे पातळ तेल ओतणे म्हणजे चाळणीने पाणी भरणे. शिवाय त्या काळच्या जोडांतून पातळ तेल बाहेर पाझरते ते वेगळेच. अंगणातल्या फरशीवर त्याचा नकाशा उमटतो. तेव्हा नातवाचा डबा चांगला होता, पण दुसऱ्या कुणासाठी.

आणखी एक गोष्ट नातवानेच नंतर कारखान्यातल्या कुणाला विचारून सांगितली, आणि ती ऐकून माझा त्याच्याविषयीचा आदर वाढला. जुन्या इंजिनात कॅमशाफ्टची पाळी आपल्या टॅपेटवर सपाट घासत जाते. आजच्या बऱ्याच इंजिनांत असते तशी रुळाची व्यवस्था तिथे नाही. या घासण्यापासून वाचवायला तेलात जस्त आणि फॉस्फरस असलेले एक संयुग मिसळतात. पण फॉस्फरस धुराबरोबर जाऊन नव्या गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्राला निकामी करतो. म्हणून २००४ पासून पेट्रोल गाड्यांच्या नव्या श्रेणीच्या तेलांत त्याची मर्यादा वजनाच्या ०.०८ टक्क्यांवर आणली. ही मर्यादा पातळ जातींना लागू आहे, वीस डब्ल्यू पन्नाससारख्या जाड जातींना नाही. "म्हणजे मामा," तो म्हणाला, "जाड तेल घेतलं की दाबही सुटतो आणि जस्तही मिळतं." फियाटची धूर-शुद्धी वगैरे काही भानगडच नसल्याने तिच्या बाजूने तक्रारीला जागा नव्हती.

(जाता जाता एक. कॅस्ट्रॉल हे नाव आले ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या तेलात एरंडेल मिसळत. ते तापलेल्या धातूला घट्ट धरून राहते. दोष एवढाच की काही दिवसांनी ते आत चिकट होऊन बसते. आपल्याकडे बैलगाडीच्या खाली टांगलेल्या नळ्यात वंगण असे, तेव्हा हे ज्ञान आपल्याला नवे नव्हते. आणि रविवारी सकाळी ज्यांनी आजीच्या हातून एरंडेल घेतले आहे, त्यांना त्याच्या गुणांविषयी वेगळे सांगायला नको.)

एवढे ज्ञान गोळा करून मी घोरपडे पेठेतल्या एका बोळात आमच्या मिस्त्रींकडे गेलो. सत्तरी उलटलेला माणूस. फियाट आणि अँबॅसिडर यांपलीकडच्या गाड्यांना ते "ते डबे" म्हणतात. मी वीस-पन्नासचे, जस्ताचे सगळे सांगितले. त्यांनी ऐकले, हातातला चहा संपवला आणि विचारले,

"काटा वर आहे का खाली?"

"कुठला काटा?"

"डिपस्टिकचा हो. तेल कमी होतंय का?"

मी अभिमानाने सांगितले की नाही. काकू दर पंधरवड्याला स्वतः पट्टी काढून पाहतात. गाडी तेल अजिबात खात नाही. उलट थोडे वाढलेलेच दिसते, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत असतात.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "साहेब, साठ वर्षांची गाडी तेल खात नाही, असं कधी होतं का? चला."

एरंडवण्यात येऊन त्यांनी बॉनेट उघडले, पट्टी काढली, तिच्या टोकावरचे तेल अंगठा आणि तर्जनीत चोळले आणि नाकाशी नेले. मग काही न बोलता पट्टी काकूंच्या नाकाशी धरली.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "हा तर पेट्रोलचा वास."

झाले होते ते असे. फियाटला पेट्रोल टाकीतून वर ओढायला इंजिनाच्या कुशीत बसवलेला एक छोटा पंप असतो. त्यात रबर चढवलेल्या कापडाचा एक पडदा कॅमशाफ्टच्या धक्क्याने वरखाली होतो. हा पडदा चिरला की पेट्रोल वर जाण्याबरोबर थोडे खालीही, इंजिनाच्या तेलात, ठिबकू लागते. तेलाची पातळी वाढते आणि जाडी घटते. पन्नासचे तेल घाला नाहीतर साठचे, त्याचे पाणी होणार. शिवाय तापलेल्या इंजिनाच्या पोटात पेट्रोलची वाफ साठून राहणे हा आगीशी खेळ. कर्नल, पंपावरचा मुलगा, नातू आणि मी, आम्ही सगळे औषधाच्या बाटलीवर वाद घालत होतो, आणि रोग्याची नाडी या एकाच माणसाने पाहिली.

पडदा का चिरला, याचेही उत्तर मिस्त्रींकडे होते. "ऊस," ते म्हणाले. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते २०२५ वर आणले गेले. तसे पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीपासून मिळू लागले आणि आता ते सगळीकडे आहे. महाराष्ट्रात त्याचा मोठा भाग साखर कारखान्यांतून येतो. शेतकऱ्याचे भले होते, परदेशातून तेल कमी आणावे लागते, नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. पण जुन्या काळच्या रबराला हे मद्यार्क मानवत नाही. ते फुगते, मऊ पडते, कधी ताठरून तडकते. साठ वर्षे सोवळ्यात राहिलेल्या फियाटला उतारवयात रोज पाचवा हिस्सा उसाचा अर्क प्यावा लागला, आणि तिच्या पोटाने तक्रार केली.

अशा रीतीने मी नाना पेठेत पोचलो होतो, खिशात चिरलेला पडदा आणि हातात रिकामी पिशवी घेऊन. पहिल्या दुकानात "फियाट?" म्हणून दुकानदार हसला. दुसऱ्याने जुना साठा दाखवला, पण तो त्याच जुन्या रबराचा. आज बसवावा आणि वर्षभरात पुन्हा नाना पेठ. तिसऱ्याने मुंबईला फोन लावला. शेवटी एका अंधाऱ्या दुकानात, माळ्यावरच्या पोऱ्याने, इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचा पडदा खाली टाकला. किंमत एका चित्रपटाच्या तिकिटाएवढी. त्या पडद्यावर बंगल्यातल्या म्हाताऱ्या गाडीचे राहणे-जाणे अवलंबून होते, हे त्या पोऱ्याला कुठून ठाऊक असणार!

मग तेल. वीस डब्ल्यू पन्नास, खनिज जातीचे, नामांकित कंपनीचे. दुकानदाराने स्वतःहून झाकणाचे सील दाखवले आणि म्हणाला, "रिकामा डबा भंगारात टाकण्याआधी फोडून टाका. नाहीतर उद्या त्यातच कुणीतरी काळं तेल गाळून भरेल." हा सल्ला प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. गिअरबॉक्सचे तेल घेतानाही त्याने मला अडवले. हल्लीचे जीएल-५ प्रतीचे तेल जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना बाधू शकते, म्हणून जीएल-४ च घ्या, म्हणाला. महाग डबा शेल्फवर असताना स्वस्त डबा पुढे करणारा दुकानदार मी फार दिवसांनी पाहिला.

मिस्त्रींनी जुने तेल काढले. ते पाण्यासारखे धो धो आले. टॅपेटचे झाकण काढून आत काळा चिकटा किती साचला आहे तेही पाहिले. हे पाहणे महत्त्वाचे. जुन्या साध्या तेलावर चाललेल्या इंजिनात गाळ कोपऱ्यांत निपचित बसलेला असतो. आजच्या तेलांत मळ धुणारी द्रव्ये असतात, ती तो गाळ एकदम सोडवतात आणि तो बारीक तेलवाटांत जाऊन अडकतो. काकांनी गाडी नीट ठेवली होती, गाळ बेताचाच होता. तरीही पहिले तेल पाचशे किलोमीटरवर बदलायचे आणि पुढे तीन हजारांवर किंवा वर्षाने, असा मिस्त्रींचा हुकूम झाला. काढलेले काळे तेल त्यांनी पिंपात जमा केले. पूर्वी वाड्यांतून ते वाळवीसाठी वाशांना फासत. गटारात मात्र ते कधी ओतू नये.

पुढच्या शनिवारी पहाटे आम्ही निघालो. मी चाकापाशी, काकू शेजारी, मागे नातू आणि मिस्त्री. मिस्त्रींनी दिव्याच्या जागी नळी लावून दाबाचा काटा आत आणून ठेवला होता आणि तो ते मांडीवर बाळासारखा धरून बसले होते. स्वारगेट, धनकवडी, मग कात्रजचा तलाव. पेशव्यांनी शहराला पाणी आणले ते इथून. गाव संपले आणि चढ सुरू झाला.

महामार्गाची सगळी धावपळ आता नव्या बोगद्याने जाते, त्यामुळे जुन्या घाटात पहाटे निवांतपणा असतो. वळणावळणांनी रस्ता चढतो आणि प्रत्येक वळणाला खाली पुणे थोडे अधिक पसरलेले दिसते; कधीकाळी पेठांपुरते असलेले शहर आता डोंगराच्या पायथ्याशी येऊन थडकले आहे. स्टिअरिंगखालचा गिअर मी दुसऱ्यात ओढला. इंजिनाचा सूर जाड झाला. मागून मिस्त्री आकडे सांगत होते, "तीन किलो... तीनला जरा कमी... चालू द्या." नातू मोबाईलवर ते लिहून घेत होता. काकू काही बोलत नव्हत्या. त्यांची नजर काट्यावर नव्हती, रस्त्यावरही नव्हती. त्या आवाज ऐकत होत्या.

वर जुन्या बोगद्याच्या तोंडाशी मी गाडी बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवले. हीच परीक्षा. तापलेले इंजिन, मंद चाल. काटा खाली आला, एकच्या थोडा वर थांबला आणि तिथेच राहिला.

"बस," मिस्त्री म्हणाले.

बोगद्यातून पलीकडे उतरलो, खेड-शिवापूर मागे टाकले, चेलाडी फाट्याला वळून नसरापुरात शिरलो. बनेश्वर नानासाहेब पेशव्यांच्या काळातले देऊळ. गर्द झाडी, वाहते पाणी, कुंडात संथ फिरणारे मासे, आणि चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आली म्हणतात ती पोर्तुगीज घंटा. काकू कुंडाच्या काठावर बराच वेळ बसल्या. डब्यातले साटोरीचे तुकडे त्यांनी मिस्त्रींना आग्रहाने वाढले. मिस्त्री म्हणाले, "आई, गाडी अजून वीस वर्षं जाईल. पंपाचा पडदा मात्र दर दोन वर्षांनी बदलायचा." काकू म्हणाल्या, "वीस वर्षांनी मी एकशेदोन वर्षांची असेन. तेव्हा बघू."

परतताना रसवंतीवर थांबलो. नातवाने तिथे एक नवी कल्पना काढली. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरे येतात, मोठा मान असतो. काकूंनी विचारले, "मग तिच्यातून मंडईत जाता येतं?" नियमित वापराला ती नेता येत नाही, हे कळल्यावर त्यांनी रसाचा पेला खाली ठेवला. "मग मान घेऊन काय करायचंय? दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करतो, तेच करू."

संध्याकाळी मी चहाला गेलो तेव्हा इमारतीचा आराखडा जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता आणि काकू फोनवर बिल्डरच्या माणसाशी बोलत होत्या. त्या लोखंडी मांडणीवर आपली गाडी चढणार नाही, खाली जमिनीवर एक जागा लागेल, असे त्या सांगत होत्या. लांबी किती, असे पलीकडून विचारले असावे. काकूंनी मोजपट्टीचे दुसरे टोक माझ्या हातात दिले आणि आम्ही दोघे अंगणात फियाट मोजायला गेलो. चार मीटरच्या आतच भरली.